झाड मागितलं आणि आधी जमीन विचारली : पारोळा रोडवरच्या नर्सरीचा अनुभव

अमळनेरहून पारोळ्याकडे जाताना डाव्या हाताला एक नर्सरी लागते, हिरव्या शेडनेटची, बाहेर मडकी आणि कुंड्यांची रांग. नाव टाकत नाही कारण नर्सरीवाल्या आप्पांनीच सांगितलं की बाई नाव-नंबर नका टाकू, आधीच पाऊस पडला की गर्दी आवरत नाही. पण दोन वर्षं झाली, तीन उन्हाळे बघितले, आता लिहायलाच पाहिजे असं वाटतंय कारण झाडाच्या बाबतीत इतकं खरं बोलणारा माणूस मला आपल्या भागात दुसरा भेटला नाही.

आधी मी तिथे काय मागायला गेले ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी लेक अमेरिकेत फार्गोला असते, नॉर्थ डकोटा राज्यात. २०२२ मध्ये मी मे ते सप्टेंबर तिच्याकडे होते. त्यांनी नवीन घर घेतलेलं, समोर नुसतं गवत, एकही झाड नाही, आणि जावई म्हणाले आई आल्यात तर आपण मिळून एक झाड लावू. मग आम्ही तिथल्या नर्सरीत गेलो. तिथे प्रत्येक झाडाला एक चिठ्ठी लटकवलेली असते आणि त्यावर झोनचा नंबर असतो. हा नंबर म्हणजे त्या भागात वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती खाली जाते त्याचा हिशोब. झोन ४ म्हणजे उणे २९ ते उणे ३४, झोन ३ म्हणजे त्याच्याही खाली उणे ४० पर्यंत. मी ते आकडे ऐकूनच गार झाले. आपल्याकडे धुळ्याला पारा पाच-सहावर आला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते.

तिथल्या बाईंनी आम्हाला हनीलोकस्ट दाखवलं. आपल्याकडे या झाडाला नाव नाही, पण बघितलं की ओळखीचं वाटतं, पानं बाभूळ-शिरीषाच्या वळणाची, बारीक बारीक, सावली अशी पडते की खाली ऊन-सावलीची जाळी विणल्यासारखी दिसते आणि तिच्याखाली गवतसुद्धा नीट वाढतं. घरातलंच आहे ते, म्हणजे शेंगावाल्या कुळातलं. जंगलातल्या मूळ झाडाला खोडावर वीतभर लांब काटे असतात, झुबक्यांनी, एकेका काट्याला पुन्हा फाटे, शास्त्रीय नाव ग्लेडिट्शिया ट्रायकॅन्थोस, त्यातल्या ट्रायकॅन्थोसचा अर्थच तीन काटे. शेंगा फूटभर लांब, वळलेल्या, आत गोड गर असतो म्हणून नावात हनी. शहरात मात्र बिनकाट्याची जात लावतात आणि तीही कलम बांधून, कारण बी लावलं तर त्यातून काट्यांची रोपं निघू शकतात.

आता गंमत बघा, हे झाड मुळात तिकडच्या मधल्या भागातलं, ओहायो-मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यातलं, फार्गोइतक्या थंडीतलं नाहीच. म्हणून तिथे जात बघूनच घ्यावं लागतं. सनबर्स्ट नावाची एक जात होती, कोवळी पानं एकदम पिवळी, मला तीच आवडलेली, पण त्या बाई म्हणाल्या ही दिसायला छान आहे पण इथल्या थंडीला नाजूक आहे, खोडाला कॅन्करचा, म्हणजे साल सडण्याचा, रोगही लवकर धरते. त्यांनी नॉर्दर्न अक्लेम नावाची जात दिली. ही जात फार्गोच्याच नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीने निवडून काढलेली, काटे नाहीत, शेंगा जवळजवळ धरत नाही, आणि झोन ३ च्या उबदार अर्ध्या भागापर्यंत टिकते. त्यांनी अजून विचारलं की रस्त्यापासून किती लांब लावणार, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मिठाचं पाणी मुळाशी येतं, हनीलोकस्ट ते सोसतं, बरीचशी झाडं सोसत नाहीत. आणि माती कशी आहे. माती बघून तर मी चाटच पडले. काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगा पडणारी, पावसात बुटाला किलोभर चिकटणारी, अगदी आपली तापीकाठची काळी जमीन. हजारो वर्षांपूर्वी तिथे प्रचंड मोठं तळं होतं, त्या तळ्याचा तळ आहे म्हणे तो सगळा भाग.

झाड लावलं आणि तीन आठवडे काही हललंच नाही, नुसती काठी. लेक रोज सकाळी जाऊन फांदीला नख लावून बघायची आत हिरवं आहे का. मग जूनच्या सुरुवातीला एकदम पालवी फुटली, कारण हे झाड मुळात उशिरा जागं होतं, थंडीचा शेवटचा तडाखा गेल्याशिवाय पान काढत नाही. ऑक्टोबरात पिवळं होऊन पान गळतं तेव्हा ती बारीक पानं गवतात अशी जिरून जातात की झाडायलाच लागत नाही, हे लेकीने मला फोनवर दाखवलं. ऑगस्टनंतर खत द्यायचं नाही हे पण तिला सांगितलं होतं, उशिरा फुटलेली कोवळी काडी थंडीत मरते म्हणून. आणि हिवाळ्याआधी खोडाला वेष्टण, एकतर ससे भुकेले होऊन साल कुरतडतात आणि दुसरं म्हणजे हिवाळ्यात दिवसा खोडावर ऊन पडून साल तापते, रात्री पुन्हा उणे पंचवीस, त्याने साल फाटते. थंडीच्या देशात उन्हाने साल भाजते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तर ती जाळीची सावली डोक्यात बसली होती. इथे आमचं नवीन घर गावाबाहेर बरडावर, एक-दीड फूट माती आणि खाली सगळा मुरूम, मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. समोर आधी मी कोनोकार्पस लावून बसले होते, दुसऱ्या एका ठिकाणाहून आणलेलं, त्यांनी सांगितलं पाणी नको, देखभाल नको, सहा महिन्यांत भिंत हिरवी. हिरवी झाली खरी, पण दोन वर्षांत त्याच्या मुळ्या ड्रेनेजच्या पाईपात शिरल्या, दुरुस्तीला अकरा हजार गेले. नंतर २०२३ च्या सप्टेंबरात गुजरात सरकारने कोनोकार्पस लावायला बंदीच केली तेव्हा मला वाटलं हे कुणी आधी का सांगितलं नाही.

२०२३ च्या जूनमध्ये आप्पांकडे गेले, मोबाईलवर लेकीच्या झाडाचा फोटो दाखवला आणि म्हटलं असं झाड पाहिजे, हेच मिळत असेल तर हेच द्या, मी बी मागवू शकते. आप्पांनी चष्मा वर करून फोटो बराच वेळ बघितला, मोठा करून पान बघितलं. आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, जमीन कशी शे तुमची?" मी म्हटलं बरड. दुसरा प्रश्न, खड्डा किती खोल जातो. तिसरा, उन्हाळ्यात बोअर चालतं का. चौथा, बकऱ्या फिरतात का. मला एकदम फार्गोच्या त्या बाईच आठवल्या. झाडाची किंमत शेवटपर्यंत निघाली नाही.

मग म्हणाले, "हाई झाड आठे लावू नका." आणि कारणं सांगितली, ती मी जशी समजले तशी लिहिते. एक म्हणजे त्या चिठ्ठीवरचा नंबर थंडीचा आहे, तो आपल्या काही कामाचा नाही, आपल्याकडे झाड थंडीने मरत नाही, एप्रिल-मेच्या झळांनी मरतं, आणि त्याचा नंबर त्या चिठ्ठीवर कुठेच नाही. दुसरं, बाहेरच्या देशातून बी आणायचं तर आयातीचा परवाना आणि तिथल्या सरकारचं रोग-कीड नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, २००३ चा क्वारंटाईनचा आदेश आहे, बॅगेत टाकून आणायची ती वस्तू नाही. आणि तिसरं कारण ऐकून मी गप्पच झाले. म्हणाले बाई, गोड शेंगा, गुरं खातात, शेणातून बी पसरतं, आणि बियांतून काटेरी रोप येतं, हे सगळं आपण वेड्या बाभळीच्या वेळेला बघितलेलं आहे ना? मी घरी येऊन वाचलं तर खरंच ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडकडे हेच हनीलोकस्ट तण म्हणून जाहीर आहे, नदीकाठी माजलंय. आप्पांना ते माहीत नव्हतं, पण त्यांनी नुसत्या शेंगेवरून ओळखलं.

नुसतं नाही म्हणून मोकळे नाही झाले. मला शेडच्या मागे घेऊन गेले, तिथे एक मोठं झाड होतं, त्याच्याखाली खाट टाकलेली. म्हणाले खाली बसा आणि वर बघा. तीच सावली! म्हणजे अगदी तशीच जाळी नाही, पण तसाच हलका उजेड, पानं जोडी-जोडीची, आपट्याचं पान मधून पूर्ण चिरलं तर कसं दिसेल तशी, पण बारीक, फांद्यांची टोकं खाली झुकलेली. अंजन. आपलं अंजन! लहानपणी सातपुड्याकडे मामाच्या गावाला जाताना बघितलेलं, गुरांना पाला काढायला माणसं चढायची, आणि मी ते ओळखलंही नाही. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण साता समुद्रापलीकडचं झाड मी जातीसकट पाठ केलं होतं आणि ज्याच्या लाकडाच्या खुंटीला आजोबांचा बैल बांधलेला असायचा ते झाड मला दाखवावं लागलं.

अंजनाबद्दल आप्पा बोलायला लागले की ऐकत राहावं. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. मूळ सरळ खाली जातं, मुरमात, खडकाच्या फटीत, म्हणून बरडावर बाकी काही नसताना हे उभं असतं. एप्रिलच्या आसपास पान गळतं आणि लगेच तांबूस कोवळी पालवी येते, म्हणजे ऐन उन्हात नवीन पान. आणि हे पण शेंगावाल्या कुळातलंच, म्हणजे लेकीच्या दारातल्या झाडाचं लांबचं भाऊबंदच की. दोष पण त्यांनीच सांगितले, वाढ फार हळू, पहिली दोन-तीन वर्षं वरती काही दिसणार नाही कारण झाड सगळी ताकद खाली मुळात घालतं, आणि खाली पाणी साचणाऱ्या चिकट जमिनीत हे लावायचं नाही. माझ्या दिरांचं शेत काळ्या जमिनीचं आहे, त्यांच्या बांधासाठी मी दोन अंजन मागितली तर दिली नाहीत, तिथे करंज लावा म्हणाले. विकणारा माणूस हातचं गिऱ्हाईक सोडतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

रोपांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, जी मला इथे कळली आणि आता मी कुठल्याही नर्सरीत बघते. अंजनाचं रोप त्यांनी साध्या पिशवीत केलेलं नाही, लांब नळकांड्यासारख्या पिशवीत केलंय, दीड फूट तरी खोल, कारण छोट्या पिशवीत सोटमूळ खाली पोचलं की गोल गोल फिरायला लागतं आणि असं गुंडाळलेलं मूळ जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाही, चार-पाच वर्षांनी झाड वाऱ्यात आडवं होतं. आप्पांनी माझ्यासमोर एक पिशवी खालून ब्लेडने कापून मूळ दाखवलं. रोप हातभर, किंमत तेव्हा ८० रुपये. करंजाची मोठ्या पिशवीतली रोपं २२० ला. मी दोन अंजन घेतली, दिरांसाठी चार करंज.

लावायची पद्धत त्यांनी कागदावर लिहून दिली, तो कागद अजून माझ्याकडे आहे. दोन बाय दोनचा खड्डा, तळाला पहारीने मुरूम फोडायचा म्हणजे मुळाला वाट मिळते, भरताना निघालेलाच मुरूम-माती आणि थोडंसं शेणखत, खड्ड्यात नुसती गाळाची माती भरायची नाही नाहीतर मूळ त्या मऊ मातीतच फिरत राहतं आणि पावसात तो खड्डा डबक्यासारखा भरतो. बुंधा जिथे रुंद होतो ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे, पुरायची नाही (फार्गोला पण अगदी हेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द). आळं खोडाला चिकटून नको, हातभर लांबून. वर केळीचं पाचट चार बोटं, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते. पहिल्या उन्हाळ्यात दोन मडकी पुरायची, तळाला बारीक भोक, वात घालून. आणि मार्चमध्ये खोडाला चुना लावायचा, पश्चिमेकडून गोणपाट बांधायचं. मी लेकीला फोन करून सांगितलं की तू थंडीसाठी गुंडाळतेस, मी उन्हासाठी, पण दुखणं एकच, कोवळ्या सालीला ऊन सोसत नाही.

त्या वर्षीचा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल, थेंब नाही, देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेला तो. मी घाबरून रोज पाणी घालायला लागले. आप्पांना फोन केला तर ओरडलेच, रोज नका घालू, आठ दिवसांनी घाला पण दोन बादल्या घाला, खोल जाऊ द्या, रोज तांब्या-तांब्या पाणी दिलं तर मूळ वरच बसून राहील आणि मग मे महिन्यात मरेल. फोन उचलून गिऱ्हाइकाला ओरडणारा दुकानदार मला चालतो.

दोन अंजनांपैकी एक नोव्हेंबरात बकरीने खाल्लं, फाटक उघडं राहिलं आणि जमिनीपासून चार बोटं काडी उरली. मी रडकुंडीला आले. आप्पा म्हणाले उपटू नका, मूळ जिवंत आहे. जानेवारीत खालून दोन फुटवे आले, एक ठेवला एक काढला, आज ते दुसऱ्याच्या निम्म्याने आहे पण आहे. काट्यांचं कुंपण मात्र पहिल्या दिवसापासून करा, अंजनाचा पाला म्हणजे बकरीला मेजवानीच, बकऱ्या फिरतात का हे त्यांनी मला विचारलं होतं आणि मी फिरत नाहीत म्हणून सांगितलं होतं.

तक्रारी पण आहेत त्या लिहिते. रोपांवर नावाच्या पाट्या नाहीत, आप्पा नसले तर कामावरच्या पोरांना अंजन आणि कांचन यातला फरक सांगता येत नाही, माझ्यासमोर एका माणसाला कांचनच देत होते. फक्त रोख घेतात, जुलैत लाईन लागलेली असते आणि सुट्टे नसतात. गाडी लावायला सावली नाही. आणि चार करंजांपैकी एकाचं मूळ पिशवीत गुंडाळलेलं निघालं, म्हणजे जे मला शिकवलं तेच त्यांच्या एका रोपात होतं. मी पिशवी फाडून फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी बदलून दिलं, वर म्हणाले चूक माझी, ते गेल्या वर्षीचं राहिलेलं रोप होतं, मीच फेकायला पाहिजे होतं. तरी पण करंज, कडुनिंब घेताना पिशवीचा तळ बघून घ्या, मुळं बाहेर आलेली असतील तर दुसरं मागा, ते देतात.

गुलमोहर मागायला जाणाऱ्यांना ते थोडं टाळतात, फांदी ठिसूळ म्हणून घराजवळ नको म्हणतात, आणि सप्तपर्णी तर विचारूच नका. शोभेची फुलझाडं, इनडोअर कुंड्या यासाठी एवढ्या लांब जाऊ नका, तिथे ती फारशी नाहीत आणि जी आहेत ती मरगळलेली असतात. सावलीचं, आपल्या उन्हात उभं राहणारं झाड पाहिजे असेल तर दुसरीकडे जाऊ नका. माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा पाट्यांसाठी कापला.

मोठं अंजन यंदा माझ्या खांद्याला लागलंय. तिसऱ्या उन्हाळ्यात खांद्याएवढं म्हणजे काहीच नाही, समोरच्यांचा पेल्टोफोरम (पिवळा गुलमोहर) त्याच वर्षी लावलेला पत्र्याच्या वर गेलाय, येणारे-जाणारे विचारतात याला काय झालं. पण या वैशाखात सगळं रान करपलेलं असताना त्याच्यावर तांबूस पालवी आली, नखाएवढी पानं, दुपारच्या उन्हातसुद्धा ताठ. मी फोटो काढून लेकीला पाठवला. तिच्याकडे तेव्हा हनीलोकस्ट अजून काठीच होतं.

लेक आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येऊ शकली तर तिच्या मुलीसाठी झोका पाहिजे, हे मी आप्पांकडे सहज बोलून गेले होते. त्यांनी हिशोब केला, अंजनाला झोका बांधायला पंधरा-वीस वर्षं, तोपर्यंत पोरगी लग्नाची होईल, आणि मागच्या बाजूला लावायला एक कडुनिंबाचं रोप तसंच हातात दिलं, पैसे घेतले नाहीत. तो निंब आता पत्र्याला लागलाय.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, आप्पा स्वतः असतात, सोमवारी अमळनेरचा बाजार असतो म्हणून दुपारपर्यंत बंद. अंजनाची रोपं थोडीच करतात, उन्हाळ्यात शेंगा पिकल्या की ताजं बी पेरतात कारण ते जास्त दिवस ठेवलं की उगवत नाही, म्हणून आखाजीच्या आसपास सांगून ठेवा आणि पहिला चांगला पाऊस झाला की न्यायला जा. आणि जाताना घरची मूठभर माती पिशवीत घेऊन जा, विचारतीलच.